काशाच्या वाटीतलं तोंड

वडिलांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते तेलात. १९६६ साल, सांगलीच्या गावभागातलं घर. मूळ नक्षत्रावरची मुलगी, म्हणून नक्षत्राची शांत होईपर्यंत बापाने तोंड बघायचं नाही. हळदीच्या पेढीवरून आले की ते ओसरीवर बसून माझं रडणं ऐकत, असं आई सांगायची. सत्ताविसाव्या दिवशी भटजी आले, काशाच्या वाटीत तेल ओतलं, आईने मला वर धरलं आणि वडील वाटीवर वाकले. तेवढ्यात मी पाय झाडला, वाटीला धक्का लागला आणि तेल हललं. ते स्थिर होईपर्यंत वडील तसेच वाकून राहिले.

मूळ सासऱ्याला वाईट, आश्लेषा सासूला, ज्येष्ठा थोरल्या दिराला, विशाखा धाकट्याला. नक्षत्राचे चार चरण, म्हणजे भाग; माझा चौथा, तो शुभ मानतात. पण चरणापर्यंत कुणी वाचतच नव्हतं. अकरा ठिकाणांहून पत्रिका परत आली. मग आत्या म्हणाली, "सासरा नसलेलं स्थळ बघा." ह्यांचे वडील हे सहावीत असतानाच गेले होते. त्या घराचं एवढं मोठं दुःख, आणि माझ्या लग्नात ते जमेला धरलं गेलं. सासूबाईंसमोर बसून बैठकीत ते बोललं गेलं. त्याचा राग मला आजही येतो.

माझी लेक पुण्यात जपानी शिकवते. परवा म्हणाली, "आई, तू अग्नी-अश्व वर्षातली." चिनी पंचांगात उंदरापासून डुकरापर्यंत बारा प्राणी, त्यांना लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी ही पाच तत्त्वं जोडतात. तीच जोडी परत यायला साठ वर्षं लागतात : १९०६, १९६६ आणि यंदा. (वर्ष एक जानेवारीला बदलत नाही. यंदाचं १७ फेब्रुवारीला लागलं, त्याआधीचं बाळ सापाच्या वर्षातलं.) आपलीही संवत्सरं साठच. गुरूची फेरी बारा वर्षांची. नृसिंहवाडीचा कन्यागत, म्हणजे गुरू कन्या राशीत आल्यावरचा सोहळा, त्याच हिशेबाने येतो, मागचा २०१६ मध्ये झाला. माझं जन्मसंवत्सर पराभव, शके १८८८. यंदाच्या पाडव्याला पुन्हा पराभवच लागलं.

चीनमध्ये आपल्या प्राण्याचं वर्ष आलं की ते जड जातं म्हणतात, म्हणून लाल दोरा, लाल कपडे घालतात. इथवर मला आपलंसंच वाटलं. पण जपानचं ऐकून मी हातातली भाजी खाली ठेवली. तिथे समजूत अशी की अग्नी-अश्व वर्षातली बाई नवऱ्याच्या जिवावर उठते. १९६५ मध्ये तिथे १८ लाखांवर मुलं जन्मली, १९६६ मध्ये साडेतेरा लाखांच्या आसपास, आणि १९६७ मध्ये पुन्हा १९ लाखांच्या वर. ना लढाई, ना साथ. मुलगी झाली तर तिला कोण करून घेईल, एवढीच धास्ती. त्या वर्षीच्या मुलग्यांना कुणी काही विचारलं नाही. आमच्या गावभागात माझी पत्रिका परत येत होती, तेव्हा तिकडे माझ्याच वयाच्या मुली लग्नाला उभ्या होत्या. त्यांच्या आयांनी काय काय ऐकून घेतलं असेल!

लेकीला ऑगस्टमध्ये दिवस भरतायत. जावईबापूंना मी फोनवरच सांगितलं : नक्षत्र कुठलंही निघो, मुलगा असो की मुलगी, तुम्ही आधी आत जायचं आणि बाळाला हातात घ्यायचं. ती वाटी माझ्याकडेच आहे. चिंच लावून घासून ठेवली आहे, बाळंतिणीचे तळपाय चोळायला.