गेंदाचा पांढरा, भंडाऱ्याचा पिवळा

पावसाळ्यात हौशी मंडळींचे फोटो चाळले तर एक दुखणं हमखास दिसतं. पांढरं एक तर मळकट करडं आलेलं असतं, नाही तर खडूच्या ठिपक्यासारखं सपाट. आणि आपल्याकडे या दिवसांत पांढऱ्याला तोटा नाही: चिखलणीच्या मागे फिरणारे गायबगळे, कासच्या पठारावरचं गेंदाचं फूल, वारीतली धोतरं आणि टोप्या. महागडी लेन्स घेऊन हे दुखणं जात नाही, कारण चूक कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरची असते.

मीटरला पांढरं-काळं कळत नाही. समोरच्या उजेडाची सरासरी काढून तो सगळं मध्यम करड्यावर आणून ठेवतो. म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा की चौकटीत पांढऱ्याने जागा किती अडवली आहे? दिंडीतल्या पांढऱ्या कपड्यांनी फ्रेम भरली असेल तर मीटर उजेड कमी करतो, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करायची सोय, +२/३ ते +१ स्टॉप द्यायचं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). काळ्या चिखलात एकटा बगळा असेल तर नेमकं उलटं होतं. चिखल उजळवण्याच्या नादात मीटर बगळ्याची पिसं जाळून टाकतो, तिथे −२/३ ते −१. ‘पांढरं दिसलं की प्लस’ हा सल्ला सर्रास दिला जातो तो अर्धाच खरा आहे, आणि बगळ्यांचे बहुतेक फोटो त्यानेच वाया जातात.

गायबगळा हा सरावाला उत्तम पक्षी. भातलावणीच्या दिवसांत पॉवर टिलर किंवा बैलांच्या मागे थवेच्या थवे असतात, माणसाला फारसे बुजत नाहीत, आणि विणीच्या काळात डोकं, मान आणि पाठीवर केशरी पिसं आलेली असतात. अडचण एकच. चिखलात उभा असलेला बगळा उडाला की मागची पार्श्वभूमी काळ्या चिखलावरून पांढुरक्या आभाळावर जाते आणि ऑटो एक्स्पोजर हेलकावे खातं. बगळ्यावरचा उजेड मात्र तसूभरही बदललेला नसतो. म्हणून इथे सरळ मॅन्युअल मोड लावायचा, म्हणजे एक्स्पोजर आपणच ठरवायचं. बांधावरचं हिरवं गवत साधारण मध्यम करड्याच्या जवळ जातं. बगळ्यावर आहे तोच उजेड गवतावर आहे ना ते पाहायचं, फ्रेम गवताने भरायची, मीटर शून्यावर आणायचा, मग शटर एक-तृतीयांश स्टॉपने जलद करायचा आणि पुन्हा हात लावायचा नाही. ओलं गवत आभाळ परावर्तित करून चकाकतं आणि रीडिंग फसवतं, त्यामुळे चकाकी नसलेल्या बाजूने रीडिंग घ्या. चालता पक्षी १/१००० ला थांबतो. चोचीतला किडा हवेत उडवून गिळतानाचा क्षण हवा असेल तर १/२००० लागतात आणि ढगाळ दिवशी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० च्या वर जातो. जाऊ द्या. थोडे दाणे चालतात, हललेला डोळा चालत नाही.

आता कास. साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवरचं हे जांभ्या दगडाचं पठार २०१२ साली पश्चिम घाटासोबत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, आणि तेव्हापासून ऑगस्ट-सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी तिथे फुलांपेक्षा सेल्फी जास्त फुलतात. मधल्या वारी, सकाळी लवकर जा. कारण गर्दीपेक्षाही वारा. गेंदाचा देठ काडीएवढा, टोकाला पांढरं बटण, आणि वारा सुटला की सगळा गालिचा डोलायला लागतो. अशा वेळी १/५०० च्या खाली शटर नेऊ नका.

गालिच्याचा फोटो घ्यायला फुलांत शिरावं लागतं हा गैरसमज आहे, आणि महागात पडणारा आहे. कातळावर मातीचा थर अगदी पातळ असतो. तो बुटाखाली दबला की पाणी मुरायचं थांबतं आणि पुढच्या वर्षी तिथे टक्कल दिसतं. खरं तर वाटेवरूनच फोटो चांगला येतो. २०० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स घ्या, वाटेवरच मांडी घालून बसा आणि कॅमेरा फुलांच्या उंचीला आणा. लांबची आणि जवळची फुलं एकमेकांवर चढतात, मधल्या रिकाम्या जागा झाकल्या जातात आणि विरळ पट्टाही दाट दिसतो. उभं राहून, वरून घेतलेल्या फोटोत त्याच पट्ट्यात माती जास्त आणि फुलं कमी दिसतात. रुंद लेन्सच हवी असेल तर फुल फ्रेमवर २४ मिलिमीटर, एफ/११ आणि फोकस पावणेदोन मीटरवर. साधारण ९० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ येतं.

गेंदाच्या गर्दीत सीतेची आसवं असली की रंगाची गोची होते. हे निळं-जांभळं फूल ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे रंगाचा तोल कॅमेऱ्यावर सोडला की, निव्वळ निळं येतं. ‘क्लाउडी’ किंवा ६००० केल्विन ठेवा, शक्य तर रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल घ्या. तेरड्याच्या गुलाबीला हा त्रास कमी, सोनकीच्या पिवळ्याला वेगळाच आहे, तो खाली भंडाऱ्यात येतोच. एकेकट्या फुलाला मॅक्रोवर एफ/८ ते एफ/११ पुरतं. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या चिकट थेंबांवर फोकस करायचा तर कॅमेरा मॅन्युअल फोकसवर ठेवून स्वतःच मिलिमीटरभर पुढे-मागे झुका. ऑटोफोकस मागच्या गवतावर पळतो.

मोबाइलवरही हेच सगळं लागू आहे. फुलावर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं, मग बाजूची पट्टी खाली ओढून पांढऱ्या पाकळीत रेषा दिसेपर्यंत उजेड कमी करायचा. कंदीलपुष्पासारखं दुर्मिळ काही सापडलं तर लोकेशन बंद करूनच फोटो टाका. त्याचे कंद खाण्यासाठी खणून नेतात, आणि फोटोतले आकडे वाचून तिथे पोहोचणं आता कुणालाही जमतं.

एसी गाडीतून थेट पठारावर उतरलात तर लेन्सवर बाष्प धरणारच. पोहोचण्याआधी वीसेक मिनिटं एसी बंद करा आणि कॅमेरा बॅगेत चेन लावून ठेवा, म्हणजे तो सावकाश बाहेरच्या तापमानाला येतो. घरी आल्यावर धान्याचा हवाबंद डबा, त्यात २०० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की बुरशीची चिंता नाही. तांदळात कॅमेरा ठेवण्याचा उपाय विसरा, त्याची पावडर आत जाते.

वारीत रिंगण हा एकच भाग घाईचा आहे. चांदोबाचा लिंब, बेलवाडी किंवा बाजीरावाची विहीर, कुठेही असाल तरी स्वाराचा अश्व पुढे आणि माऊलींचा किंवा तुकोबारायांचा बिनस्वाराचा अश्व मागे हा क्रम लक्षात ठेवा; मागचा यायच्या आतच कॅमेरा पुढच्यावर रिकामा करू नका. शटर १/१२५०, फोकस कंटिन्युअस. टाळकऱ्यांच्या रांगेमागे बसून घ्या. उभं राहिलात तर मागच्या आजींना काही दिसत नाही आणि त्या ते तुम्हाला नीट ऐकवतात. अश्व गेल्यावर कॅमेरा खाली ठेवायची घाई नको. टापांखालची माती कपाळी लावायला माणसं धावतात, खरे चेहरे तेव्हा मिळतात. कुणाचा जवळून फोटो हवा असेल तर ‘माऊली, काढू का?’ एवढं विचारलं की बहुधा मान हलते. टँकरवरच्या आंघोळी, कपडे बदलणं, झोपलेली माणसं यांच्याकडे कॅमेरा वळवायचाच नाही.

जेजुरीची सोमवती अमावस्या मात्र कॅमेऱ्याची परीक्षा घेते. पालखी गडावरून कऱ्हेच्या स्नानाला निघते, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा गजर होतो आणि हवेत हळदच हळद. सगळी फ्रेम पिवळी दिसल्यावर ऑटो व्हाइट बॅलन्स तिला निळ्याकडे ओढतो, भंडारा फिकट आणि चेहरे आजारी दिसतात. ५२०० केल्विनवर ठेवून द्या. एक्स्पोजरला साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पुरत नाही, लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबी लावा. पिवळ्यात लाल चॅनेल आधी भरतो, तो भरून हिरवा वर चढत राहिला की हळदीचा लिंबू होतो आणि रॉमध्येही परत येत नाही. म्हणून लाल चॅनेल उजव्या काठाला टेकू द्यायचा नाही. भंडाऱ्याच्या ढगाला पोत हवा असेल तर सूर्य समोर किंवा तिरका घ्या. आपल्या पाठीमागून पडलेल्या उजेडात तो नुसता पिवळा पडदा दिसतो.

बाहेर येणाऱ्या नळीची झूम लेन्स इथे नकोच. झूम केलं की ती हवा ओढते, हवेबरोबर भंडारा. ३५ किंवा ५० मिलिमीटरची फिक्स लेन्स लावा, पुढे यूव्ही फिल्टर, आणि जाड प्लॅस्टिकची पिशवी भोक पाडून हूडला रबरबँडने आवळा. माइकची भोकं, पोर्टची झाकणं, हॉट शू (फ्लॅश बसवायची खाच) यांवर चिकटपट्टी. गडावर लेन्स बदलायची नाही. बदललीत तर सेन्सरवर बसलेली हळद पुसणं घरचं काम नाही.

परत आल्यावर आधी ओलं फडकं लावू नका, त्याने लगदा होतो. कॅमेरा तोंड खाली करून हाताच्या ब्लोअरने झटका, मग मऊ ब्रश, सगळ्यात शेवटी दमट मायक्रोफायबर. सायकलच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने हवा मारली तर पूड सीलच्या आत ढकलली जाते. कापडी पट्टा साबणात टाकला की लाल पडतो. घाबरायचं कारण नाही, हळद साबणाच्या खारानं लाल होते. दोनदा साध्या पाण्यातून काढा आणि कडक उन्हात वाळत घाला, डाग उन्हाने विटतो.