दोन मिलिमीटरचं यंत्र

परवा एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यांच्या वडिलांचं पियाजे कंपनीचं घड्याळ माझ्याकडे साफ करायला दिलं. सोन्याची केस, दोनच काटे. झाकण उघडलं तर आत ९पी नावाचं यंत्र! मी आधी हात धुऊन आलो.

स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरातल्या ला कोत-ओ-फे गावच्या या कंपनीने १९५७ साली हे चावीचं यंत्र आणलं. जाडी २ मिलिमीटर. चाकं, स्प्रिंग, बॅलन्स म्हणजे मागेपुढे डोलणारं चाक, सगळं तेवढ्यात. सेकंदकाटा मुद्दाम गाळलेला, कारण तो आला की उंची वाढते. चाकांमध्ये मोकळी जागा इतकी कमी की तेलाचा थेंब जरा मोठा पडला तरी चाल बिघडते.

१९६० साली त्यांनी १२पी काढलं. स्वयंचलित, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं, असूनही २.३ मिलिमीटर! फिरणारं वजन यंत्रावर न ठेवता यंत्रातच बसवलं, आणि लहान असूनही जड भरावं म्हणून ते २४ कॅरेट सोन्याचं केलं. तरी माझं मन ९पीवरच आहे. ते रोज माणसाची बोटं मागतं.

गृहस्थांना निक्षून सांगितलं, केसच्या कडा पॉलिश करू नका, पाण्यापासून लांब ठेवा, आणि चावी भरत आली की जोर लावू नका.