पोरांना दगड बघायला शिकवा

नाशकात पोरांना जिओलॉजी शिकवायची तर पुस्तक नंतर उघडलं तरी चालतं, आधी पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला लावा. भाच्यांना घेऊन गेलो की माझं पहिलं सांगणं एकच, कातळाला अगदी नाक लावून बघा. काळ्या बेसॉल्टमध्ये बारीक भोकं दिसतात, लाव्हा थंड होताना आत अडकलेल्या गॅसचे ते बुडबुडे, आणि काही भोकांत पांढरं भरलेलं असतं ना, ते नंतर पाण्यातून आलेलं खनिज, बऱ्याचदा झिओलाइट. त्याचेच मोठे चमचमणारे स्फटिक बघायचे तर सिन्नरचं गारगोटी म्युझियम आहेच!

साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा थरावर थर पसरत गेला, म्हणून आपले डोंगर असे टप्प्याटप्प्याचे दिसतात. घाटात रस्ता कापलाय तिथे दोन काळ्या थरांमधे कधीकधी लाल पट्टा असतो, मला तो सगळ्यात भारी वाटतो, कारण दोन उद्रेकांमधे एवढा काळ गेला की खालचा दगड झिजून माती झाली आणि मग वरून परत लाव्हा आला.

हातोडी मात्र नेऊ नका, लेण्यांवर तर अजिबातच नाही. भिंग आणि पाण्याची बाटली पुरे, सुटा दगड ओला केला की रंग नीट दिसतो.