“स्वतःचं असं काय चाललंय सध्या?” – तुम्ही विचारलंत म्हणून

परवा फोंड्याच्या बाजारात सुक्या बांगड्यांचा भाव करत होते, तर मागून एका ओळखीच्या काकींनी हाक मारली, “गो, नवें कितें?” मी म्हटलं, चालूये काकी, परवाच एक रेकॉर्डिंग झालं. तर लगेच पुढचा प्रश्न, “तें दुसऱ्याचें न्हय? तुजें कितें?” हा प्रश्न मला महिन्यातनं पाचसहा वेळा तरी येतो, लग्नात, देवळात, फोनवर, आणि दर वेळी मी काहीतरी गुळमुळीत बोलून सुटते. म्हटलं एकदा बसून नीट उत्तर देऊया.

तर मी पेटी वाजवते. कीबोर्डही वाजवते, संगीत नाटकात ऑर्गन असेल तर त्यावरही बसते, आणि गेली दहाएक वर्षं नाटकांचं पार्श्वसंगीत, चाली लावणं हेही करते. गात नाही. हे वेगळं सांगावं लागतं कारण आमच्या फोंडा तालुक्यात मंगेशी आहे, दीनानाथ तिथले, अभिषेकीबुवा तिथले, केसरबाई केरीच्या, तिकडे सांगे तालुक्यात मोगूबाई कुर्डीच्या, त्यामुळे बाई पेटी घेऊन बसली म्हणजे आता ही गाणार असंच लोक धरून चालतात. पाहुण्या कलाकाराबरोबर स्टेजवर गेले की निवेदक मलाच माइक द्यायला येतो. एकदा तर मी सूर लावून बसल्यावर पहिल्या रांगेतल्या आजोबांनी “येऊ दे” म्हणून दाद दिली आणि मग शेजारच्या बुवांनी गायला सुरुवात केल्यावर त्यांचं तोंड एवढंसं झालं.

असो. सध्या काय झालं ते सांगते.

दिवाळीनंतर जत्रा सुरू होतात तेव्हापासून पाऊस पडेपर्यंत आमचा सीझन. गोव्यात देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांनी मराठी नाटक करायची पद्धत आहे हे बाहेरच्यांना सांगितलं की त्यांना वाटतं गंमत म्हणून करत असतील, पण नाही हो, लोक दोनदोन महिने तालमी करतात, बंगळुरात नोकरीला असलेला मुलगा रजा टाकून येतो. यंदा मी अशी अकरा नाटकं केली, त्यातली चार संगीत. त्यातल्या एकाचं सांगते म्हणजे माझं काम काय असतं ते कळेल.

राजाचं काम करणारे गृहस्थ दिवसा वीज खात्यात. आवाज खणखणीत, पट्टी काळी एक. पण आदल्या तीन रात्री रंगीत तालमी, शिवाय उत्सवाची धावपळ, त्यामुळे दुसऱ्या अंकापर्यंत गळा बसला. रात्रीचा दीड वाजलेला. पदाच्या आधीचं भाषण चालू असताना त्यांनी माझ्याकडे बघून पाठीमागच्या हाताची दोन बोटं खाली केली, म्हणजे उतरव. माझी पेटी स्केलचेंजर, मी पट्टी अर्धा स्वर खाली सरकवली, दोन सेकंदांचं काम. पण तबला काळी एकला लावलेला होता ना! तबलजीने दुसरा तबला आणलेला नव्हता. मी त्याच्या कानात “पांढरी एक” एवढंच म्हटलं, त्याने हातोडी घेतली आणि वाद्या सैल करायला त्यांच्याखालचे लाकडी गठ्ठे हळूहळू वर ठोकायला लागला, आवाज होऊ नये म्हणून हातोडीच्या तोंडावर रुमाल. आणि आमचे राजे? त्यांनी हे सगळं तिरक्या नजरेने बघितलं आणि संहितेत नसलेली चार वाक्यं प्रधानाला ऐकवली, प्रजेचं दुःख, पाऊसपाणी, काय काय. प्रधान बिचारा गांगरून नुसता “होय महाराज” करत राहिला. तबलजीने बोटाने थाप मारून बघितली, मला मान हलवली, मी सूर दिला आणि महाराजांनी पद उचललं. टाळ्या पडल्या. कोणाला काहीही कळलं नाही, आणि कळलं असतं तर आम्ही कामात चुकलो असा त्याचा अर्थ झाला असता.

आता यात माझं स्वतःचं काय, तर काही नाही. अर्धा स्वर. पण ते चाळीस सेकंद मला यंदाच्या सगळ्या सीझनमध्ये सगळ्यात जास्त आवडले, मी काय करू.

दुसरं काम स्टुडिओचं. पर्वरीला एका फ्लॅटमधल्या स्टुडिओत कोकणी अल्बमच्या एका गाण्यासाठी पेटी वाजवली. स्टुडिओत पेटी म्हणजे कटकट, भात्याचा श्वास येतो, पट्ट्यांचा खडखडाट येतो, माइक जवळ घेतला तर लाकूड बोलतं आणि लांब घेतला तर खोली बोलते. मी सोबत एक जुना टॉवेल नेते, तो पेटीखाली घालते, आणि हातातल्या बांगड्या गाडीतच काढून ठेवते. संगीतकार तरुण, चांगला मुलगा. मुखडा झाला, मग अंतऱ्याच्या आधी चार बार रिकामे होते, मी विचारलं इथं काय, तर म्हणतो, “मॅडम, तुमच्या मनाला येईल ते वाजवा.” हे वाक्य ऐकलं की कुठल्याही साथीदाराने समजून जावं की इथं चाल त्याने करायची आहे आणि पैसे मात्र वाजवण्याचेच मिळणार आहेत! मी वाजवलं, तिसरा टेक ठेवला, चाळीस मिनिटांत घरी. आता ते गाणं लागलं की लोक तो तुकडाच गुणगुणतात, माझी भाचीसुद्धा, तिला माहीतही नव्हतं मावशीने वाजवलाय म्हणून. क्रेडिटमध्ये गायक, गीतकार, संगीतकार, मिक्सिंग, पोस्टर डिझाइन एवढी नावं आहेत. पोस्टर डिझाइनचं आहे आणि पेटीचं नाही.

मी यावर भांडत नाही, पण सांगते मात्र. आपल्याकडे संगीतकाराला आणि गीतकाराला आयपीआरएस या त्यांच्या संस्थेमार्फत रॉयल्टी येते, कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर तर त्यांचा हक्क आणखी पक्का झाला. सेशनला बसणाऱ्याला त्या दिवसाचं पाकीट मिळतं आणि विषय संपतो. आणि गोव्याला हे नवं आहे का? मुंबईच्या सिनेमातल्या वाद्यवृंदांमध्ये किती गोंयकार होते, चर्चच्या शाळेत लहानपणी सोल्फेज, म्हणजे त्यांचं सारेगम, शिकलेले, नोटेशन धडाधड वाचणारे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, यांनी केलेली अरेंजमेंट देशाने ऐकली आणि पडद्यावर नाव यायचं दुसऱ्याचं. गोन्साल्विसांचं नाव लोकांना पाठ झालं ते त्यांचे शिष्य प्यारेलालजींच्या ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ या गाण्यामुळे, आणि सिनेमातलं ते पात्र खरंच कोणाच्या नावावरून आलंय हे अजूनही निम्म्या लोकांना माहीत नसतं. पेटीचं तर काय सांगावं, आकाशवाणीने तिला 1940 पासून तीसेक वर्षं दारातच उभी ठेवली होती. तेव्हा माझी तक्रार फार मोठी नाही. फक्त नाव लिहा, त्याला पैसे पडत नाहीत.

आता “तुजें कितें”चं उत्तर. आहे एक. घुमट (आमचं मातीच्या भांड्याचं, चामडं लावलेलं तालवाद्य), व्हायोलिन आणि पेटी यांच्यासाठी नऊ मिनिटांची रचना, दोन वर्षं झाली, अजून रेकॉर्ड होतेय. लोकांना हे कॉम्बिनेशन ऐकून फ्यूजन वाटतं. फ्यूजन कसलं, आमच्याकडे चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मराठी आरत्या घुमट, शामेळ (तेही तालवाद्यच) आणि कासाळ्यांवर (झांजांवर) होतात आणि सासष्टीत मांडो हा कोकणी गाण्याचा प्रकार व्हायोलिन आणि घुमटावर होतो, म्हणजे घुमट दोन्ही घरी जेवलेलं आहे, त्यात नवी आली ती माझी पेटीच.

व्हायोलिन वाजवणारे सर सासष्टीचे, कागदाशिवाय धनुष्य उचलत नाहीत. घुमटवाला माझ्या मामाच्या वाड्यावरचा, त्याने आयुष्यात कागद बघितलेला नाही. मी मधे, एका वहीत पाच रेघा, दुसऱ्या वहीत सारेगम. पहिल्या तालमीला सरांनी त्याला विचारलं, “तुझो पयलो बीट खंय?” तो म्हणाला, “म्हज्या हातांत.” झालं, अर्धा तास गेला. त्याचा एक ठेका मला हवा होता, मोजला तर सात मात्रा येतात, पण तिसरी मात्रा तो जराशी ओढतो, किती ते त्यालाही सांगता येत नाही. सरांनी सात-आठमध्ये लिहून अगदी बिनचूक वाजवलं आणि ते असं वाटलं की कोणीतरी इस्त्री करून आणलंय. क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या मोजक्या ठोक्यांवर, बसवलं तर घुमटवाला बिघडला, क्लिक काढला तर सर अस्वस्थ. शेवटी मी सरांचा स्टँड फिरवला, म्हणजे कागदाच्या वर त्यांना घुमटवाल्याचा डावा हात दिसेल असा. घुमटाला दोन तोंडं असतात, मोठ्यावर चामडं आणि छोटं उघडं, त्या छोट्या तोंडावर डावा हात उघडझाप करतो आणि तिथून तो घुमारा येतो. त्या हाताकडे बघून सरांना तिसरी मात्रा सापडली. कागदावर मी तिथं नुसता एक बाण काढलाय.

हे जमलं आणि मग चामड्याने दगा दिला. पूर्वी घुमटाला घोरपडीचं चामडं असायचं, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं आणि ते बरंच झालं, आता बकऱ्याचं लावतात. 2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं तेही याच बकऱ्याच्या चामड्यावर. जुने लोक आवाज तसा नाही म्हणून हळहळतात, मला स्वतःला चालतो. पण गेल्या जुलैत आम्ही रेकॉर्डिंग ठेवलं, बाहेर धो धो पाऊस, हवेत नुसतं पाणी, चामडं सैल पडून घुमट भदभद बोलतंय. केस सुकवायच्या ड्रायरने ताणून घेतलं आणि आत गेलो. आत एसी. एसीची हवा कोरडी, म्हणजे चामडं ओलावा सोडत जाणार आणि ताणत जाणार. दुपारी दोनच्या टेकमधलं घुमट आणि चारच्या टेकमधलं घुमट यांत मोप फरक, दुसरा भाग चांगला आला होता तो पहिल्याला जोडायला गेलो तर जोड स्पष्ट ऐकू येतो, जसं काही मधेच वादक बदललाय. रेकॉर्डिस्ट म्हणाला सॉफ्टवेअरमध्ये पिच खाली घेऊ. घेतलं. मातीच्या भांड्याचं प्लास्टिकचं डबडं झालं. एसी बंद करून बघितलं तर वीस मिनिटांत सर घामाने भिजले आणि व्हायोलिनच्या तारा उतरायला लागल्या. माझी पेटी तेवढी आपली सुरात ढिम्म बसलेली, तिला बकऱ्याशी काही घेणंदेणं नाही, आणि तीच अडचण, कारण बाकी दोघे हलले की बेसूर तीच वाटते.

त्या दिवसाचे स्टुडिओचे पैसे गेले, माझे स्वतःचे. घरी येऊन दोन दिवस मी पेटी उघडली नाही. मग एकेक करून लक्षात आलं की मधल्या भागात पेटीची गरजच नाही, मी तिथं वाजवत होते ते केवळ माझी रचना म्हणून, माझं दिसायला हवं म्हणून. दुसऱ्याच्या गाण्यात मी अशा जागी कधी वाजवलं नसतं. काढून टाकली. आता मधली तीन मिनिटं फक्त घुमट आणि व्हायोलिन, चामडं चढलं तर सर कानाने बरोबर चढतात, त्यांच्या व्हायोलिनला पडदे नाहीत. मी नुसती बसून असते. सरांनी विचारलं, “तू ह्या पार्टान कितें करता?” म्हटलं, पानं परतते.

पुढचं विचाराल तर श्रावणात वास्कोला दामोदराच्या सप्ताहात एका बैठकीला साथ आहे, चोवीस तास भजन चाललेलं असतं त्यामुळे आपली वेळ पहाटे येणार की दुपारी ते आधी कळत नाही, पेटी गाडीत ठेवून थांबायचं. मग चवथ, तेव्हा मला कोणी बोलावू नये, आमच्या घरी पाच दिवसांचा गणपती असतो आणि आरत्यांना माझी चुलत भावंडं मला पेटीला हात लावू देत नाहीत, कासाळीं देतात. मग स्पर्धेच्या एका नाटकाचं पार्श्वसंगीत, दिग्दर्शकाने सांगितलंय “संगीत जाणवलं नाही पाहिजे”, म्हणजे नाव छापतील तेही जाणवणार नाही इतक्या छोट्या अक्षरांत असा माझा अंदाज आहे.

आणि घुमटाचं रेकॉर्डिंग येत्या रविवारी परत लावलंय. घुमटवाला या वेळी तीन घुमटं आणतोय, एक आत, दोन बाहेर पडवीत, वीस-वीस मिनिटांनी पाळी बदलायची. खरं तर ऑक्टोबरपर्यंत थांबायला हवं होतं पण सर मुलीकडे लिस्बनला जाणार आहेत. काकींना मी हे सगळं सांगायला सुरुवात केली होती, बकऱ्याच्या चामड्यापर्यंत आले होते, तेवढ्यात त्यांची बस आली.