‘उठायची, बसायची’त अडलेली कादंबरी : माझा अनुभव

देशांतर केलेल्या माणसाची कादंबरी. नव्या देशातली प्रकरणं सरळ पार पडली. अडलं ते मागे सुटलेल्या घराच्या आठवणींवर. संपादन विभागाकडून हस्तलिखित दोनदा परत आलं, दोन्ही वेळा शेरा एकच : ‘मागचा भाग रेंगाळतो.’ का रेंगाळतो, ते कोणी सांगितलं नाही. त्यात सात महिने गेले, आणि त्याचा राग अजून आहे, कारण दोष साधा होता. तो क्रियापदांत होता.

आठवण लिहायला बसलं की मराठीत हात आपोआप ‘उठायची, बसायची, म्हणायची’कडे वळतो. अशी चार-पाच वाक्यं लागोपाठ आली की सगळे दिवस एकसारखे होतात. सवयी कळतात, घडत काहीच नाही. ‘उठत असे’ करून भागत नाही, भाषा फक्त जुनी वाटते. छापील प्रतीवर प्रत्येक ‘-यचा, -यची’खाली रेघ मारली, तर एकाच पानावर सतरा निघाले. मग नियम केला : एका आठवणीत अशी दोनच वाक्यं, तिसऱ्यात एक ठरावीक दिवस आणि साधा भूतकाळ.

‘आई पहाटे उठायची. दार उघडण्याआधी पदरानं कडी पुसायची. आम्ही निघालो त्या दिवशी तिनं कडी पुसली नाही.’

पहिल्या दोन वाक्यांची सवय तिसऱ्यात मोडते, म्हणून ती आठवण लागते. सतराचे पाच झाले आणि पान हललं.

दुसरी चूक याच रेघा मारताना सापडली. पात्रानं देश सोडला की तिथली त्याची माहिती त्या तारखेला थांबते. पुढचं सगळं पत्रातून, फोनवरून येतं. त्यामुळे ‘घर पाडलं’ असं त्याच्या तोंडी चालत नाही. ‘घर पाडलं म्हणे’ हवं. निघण्याची तारीख, प्रत्येक पत्राची तारीख असा एक तक्ता आधीच करून ठेवावा.

हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं : ‘आपण’ आणि ‘आम्ही’ तपासा. ‘आपण’मध्ये ऐकणारा येतो, ‘आम्ही’मध्ये तो बाहेर राहतो. नायक जुन्या शेजाऱ्याशी बोलताना ‘आपल्याकडे’वरून ‘आमच्याकडे’वर कुठल्या पानावर येतो, ते लेखकाला ठाऊक असलंच पाहिजे. माझ्या खर्ड्यात तो तिसऱ्याच प्रकरणात आला होता, फार लवकर. तो बदल मी अकराव्यात नेला.

तिसऱ्या वेळी बदललेल्या पानांची यादी सोबत जोडली. होकार नऊ दिवसांत आला.