अंगणातला मन्या तिसऱ्या मजल्यावर आला

मागच्या मे महिन्यात आईला गुहागरहून डोंबिवलीला आणलं. गुडघे गेलेत, एकटीला अंगण आणि विहीर झेपत नव्हती. तिची एकच अट होती, मन्या बरोबर येणार. मन्या म्हणजे पाच वर्षांचा पिवळा बोका, दिवसभर माडाखाली, रात्री कोणाच्या तरी कौलांवर, घरात फक्त जेवायला. जो भेटला त्याने हेच सांगितलं की बाहेरचं मांजर फ्लॅटमध्ये टिकत नाही, तिथेच सोडून या. पण घर बंद झाल्यावर त्याला कोण बघणार होतं?

निघायच्या महिनाभर आधी चिपळूणला नेऊन त्याची नसबंदी करून घेतली, रेबीजची लस आणि जंताचं औषध पण दिलं. हे आधीच करा, कारण ऑपरेशननंतर पण बोक्याचं फवारे मारणं (हद्द दाखवायला जागोजागी शू उडवणं) थांबायला काही आठवडे जातात. प्रवासाचा पिंजरा पंधरा दिवस ओटीवर उघडाच ठेवला होता आणि त्याचं जेवण त्यातच, त्यामुळे जायच्या दिवशी तो स्वतःहून आत गेला. वरून आईची जुनी साडी टाकली. महाडपर्यंत ओरडला आणि मग एकदम गप्प झाला, तो गप्प झाल्यावर आईच रडायला लागली.

इथे आल्यावर पूर्ण घर नाही दाखवलं, फक्त आईची खोली, दार लावून. तो पलंगाखाली गेला तो दीड दिवस जेवला नाही. डॉक्टरांनी बजावलेलं की मांजर दोन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरवर येतं, थांबायचं नाही. शेवटी आईने मांदेली उकडून काटे काढून पलंगाच्या कडेला ठेवली आणि लाईट घालवला, रात्री कधीतरी खाल्लीन.

खरा प्रश्न शी-शूचा. मी चांगली महागातली लिटर, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी ट्रेमध्ये घालायचे दाणे, आणलेली, त्याने वास घेऊन पाय झटकले आणि निघून गेला. दिवसभरात शू नाही. बोक्याची शू अडकली तर जिवावर बेततं म्हणून मी डॉक्टरांकडे निघायच्या तयारीत, बॅग काढली, आणि बघते तर साहेब बाल्कनीचं दार फटीतून उघडून तुळशीच्या कुंडीत बसलेले! तुळस गावाहून रंगाच्या डब्यात घालून आणली होती, तिच्या मातीसकट. मला वाटलं आई आता चिडणार, पण ती शांतपणे म्हणाली, "अगो, त्या डब्यात आपली माती आहे. तो दुसरीकडे कुठे जाणार?"

त्या एका वाक्याने मला सगळं कळलं. त्याला आमचं घर नको होतं असं नव्हतंच, त्याला इथे ओळखीचं काही सापडत नव्हतं. तुळस दुसऱ्या कुंडीत लावून स्टुलावर चढवली आणि ती माती नर्सरीच्या मातीत मिसळून लिटरवर पसरली. पहिल्याच रात्री खर्र खर्र उकरल्याचा आवाज आला, आम्ही दोघी अंधारात जाग्या होऊन ऐकत होतो. मग दर दोन-तीन दिवसांनी माती थोडी कमी, लिटर थोडी जास्त, तीन आठवड्यांत नुसती लिटर.

पहाटे चारला मेन दारापाशी बसून ओरडणं मात्र दीड महिना चाललं. गावाला त्याच वेळी तो फेरीला जायचा ना. एकदा जरी दार उघडलं तर तेवढा वेळ ओरडलं की उघडतं हे त्याला कळतं, म्हणून उघडलं नाही, शेजारच्या काकूंना जाऊन आधीच सांगितलं. उपयोग झाला तो रात्रीच्या खेळाचा, काठीला दोरी आणि पीस बांधून दहा वाजता वीस मिनिटं धाप लागेपर्यंत पळवायचं आणि लगेच जेवण. पोट भरलं, दमला, की चाटत बसून झोपतो. टेबलाच्या पायाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली, सोफ्याऐवजी आता तिथे नखं काढतो.

एक चूक सांगतेच. बाल्कनीला कबुतरांची नायलॉनची जाळी होती, मी तेवढ्यावर विसंबले. जूनमध्ये एका दुपारी कोपऱ्यातली जाळी कुरतडून तो बाहेर, पावसाने ओल्या झालेल्या छज्जावर, खाली तीन मजले. हाका मारल्या तर अजून पुढे सरकेल म्हणून मी श्वास धरून नुसती बोंबलाची पिशवी चुरचुरवली. आला परत. मांजर पायावर पडतं म्हणून काही होत नाही असं लोक म्हणतात, ते खरं नाही, जबडा फुटतो, छातीला मार बसतो. दुसऱ्याच दिवशी सगळीकडे स्टीलची जाळी लावली. आणणार असाल तर मांजर यायच्या आधी लावा. आणि घरात लिलीची फुलं नकोत, मांजराच्या किडन्या जातात.

आता वर्ष होत आलं. जुन्या रंगाच्या डब्यात गहू पेरलाय, त्याचं गवत तो रोज खातो. संध्याकाळी आई खुर्ची जाळीपाशी ओढते, तो कठड्यावर चढतो, खालचे कावळे बघताना दात कडकड वाजवतो. "तो बघ तुझा," आई म्हणते, आणि दोघं दिवेलागणीपर्यंत तिथेच.