कागदावर कधीच न विकलेली गाडी

२०२३ च्या ऑगस्टअखेर मी ठाण्यात जांभळी नाक्यावर मखराचं सामान बघत होते आणि अनोळखी नंबरवरून फोन आला. "ताई, तुमची गाडी काढतोय. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं." मी म्हटलं, माझ्याकडे गाडी नाही, स्कूटर आहे. पलीकडचा माणूस हसला. "अहो, साहेबांची एट हंड्रेड!"

तेव्हा कुठे ट्यूब पेटली. बाबांनी निवृत्तीच्या वर्षी, नोव्हेंबर २००८ मध्ये, फंडाच्या पैशातून मारुती ८०० घेतली होती. पांढरी, एसीवाली. २०१४ च्या जानेवारीत कंपनीने ८०० बनवणं बंद केलं आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर, गुडघ्यांना क्लच झेपेना म्हणून, बाबांनी ती ८५ हजारांना कळव्याच्या या फोनवरच्या काकांना दिली. मी तिच्यावरच शिकले होते, उपवनच्या रस्त्यावर, शेजारी बसलेल्या बाबांचा पाय नसलेल्या ब्रेकवर आपटत असताना. २०२० मध्ये बाबा गेले. गाडीचा विषय घरात त्याच्या कितीतरी आधी संपला होता.

काकांची अडचण अशी, की लॉकडाऊनपासून गाडी त्यांच्या चाळीमागे उभी होती. भंगारवाला १८ हजार द्यायला तयार होता, पण त्याला आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, ज्यांचं नाव आहे त्यांची सही हवी होती.

"मग करा की सही."

"नाही ना ताई. नावावर करायचं राहूनच गेलं."

घरी येऊन परिवहनच्या ॲपवर नंबर टाकला. तो नंबर आमच्या घरात सगळ्यांना अजून पाठ आहे, दादाच्या मोबाइलचा नाही. मालकाच्या नावात मधली अक्षरं फुल्यांनी झाकलेली, पण दिसत होती तेवढी बाबांचीच. घडलं होतं ते हजारो घरांत घडतं. बाबांनी गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर कोऱ्याच सह्या केल्या, पैसे घेतले, किल्ली दिली, पेढे खाल्ले. पुढचं एजंट करेल असं काकांना वाटलं, काका करतील असं बाबांना वाटलं. त्या फॉर्मचा गठ्ठा काकांच्या कपाटात नऊ वर्षं तसाच पडून होता. काकांनी तो मला नंतर दाखवला. बाबांची ती लांब शेपटीची सही बघून मी जरा वेळ गप्पच बसले.

त्याच रात्री ई-चलानही तपासली. दोन निघाली, दोन्ही २०१९ ची. एक कापूरबावडीला सिग्नल तोडल्याचं. कागदोपत्री सिग्नल तोडणारे माझे बाबा तेव्हा वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरत होते.

दादा पुण्याला असतो. त्याला फोन केला तर तो एकदम खूश. "अगं, मग गाडी आपलीच! त्याला कशाला पैसे द्यायचे? आपल्या सहीशिवाय तो भंगारातही घालू शकत नाही." कायद्याच्या भाषेत तो फार चुकत नव्हता. मोटार वाहन कायद्यात ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं: गाडी चार हातांतून फिरली असली, तरी भरपाईची जबाबदारी आरसीवरच्या माणसाची. दादाच्या एका वकील मित्राने हे समजावलं आणि दादाचा सूरच बदलला. म्हणजे या नऊ वर्षांत काकांच्या हातून कुणाला धडक बसली असती, तर नोटीस आमच्या नौपाड्याच्या पत्त्यावर आली असती. त्यात २०२१ पासून विमाही नव्हता. नशीब, त्यानंतर गाडी हललीच नाही.

आईने मात्र हा सगळा कायदा एका वाक्यात बाजूला सारला. "आपण ८५ हजार मोजून घेतलेत त्यांच्याकडून. कागदावर काय असेल ते असो, गाडी त्यांची." त्यामुळे भाव करायचा प्रश्नच उरला नाही. गाडी परत घ्यायची तर भंगारवाला देत होता तेवढे, १८ हजार, काकांना द्यायचे हे आईनेच ठरवलं. मला आत कुठेतरी घासाघीस करायची होती, हे कबूल करते.

आता राहिला खरा प्रश्न. १८ हजार देऊन गाडीचं करायचं काय? तिला सोडवून आपणच रीतसर भंगारात द्यायची, की दुरुस्त करून चालवायची? बाबांच्या पश्चात वारसाचे कागद तर दोन्हीकडे लागणारच होते. आणि निर्णयाला मुदत होती: नोंदणीची पंधरा वर्षं १७ नोव्हेंबरला संपत होती.

आधी गाडी बघायला गेले. चाळीमागे, शेवग्याच्या झाडाखाली, चारही टायर बसलेले. मी तयारीने गेले होते, म्हणजे आमच्या मेस्त्रींनी फोनवर सांगितलेलं पाठ करून. खाडी जवळ, पावसात तिथे पाणी भरतं. म्हणून पहिली तपासणी गाडी पाण्यात बुडली होती का याची. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा. गाडी धुता येते, पण बेल्टचा गुंडाळलेला भाग कुणी धूत नाही, चिखलाची रेघ तिथे राहते. मग सीटखालच्या रुळांवरचा गंज आणि कार्पेटखालचा वास. बेल्ट स्वच्छ निघाला. पण ड्रायव्हरच्या पायाखालची रबरमॅट उचलली आणि खालचं गवत दिसलं. अक्षरशः गवत. काका म्हणाले, "हां, तिथे जरा पत्रा गेलाय." जरा!

मी तिथेच मनातून गाडी सोडून दिली होती. मेस्त्री म्हणाले, "मॅट उचलून ठरवू नका. लिफ्टवर घेऊन बघू." विमा नसलेली गाडी टोचन लावून रस्त्यावर आणायची नव्हती, म्हणून सपाट ट्रक बोलावला. २,२०० रुपये घेतले त्याने, आणि आमची ८०० नव्या कळवा पुलावरून पालखीत बसल्यासारखी वागळे इस्टेटला आली.

मेस्त्रींची पद्धत मला आवडली. इंजिनाला त्यांनी हातच लावला नाही. पेचकसाची मूठ घेऊन खालून सगळीकडे ठोकत गेले, डॉक्टर पाठीवर ठोकतात तसं. "या गाडीला वेगळी चेसिस नसते ताई, पत्रा हाच सांगाडा. इंजिन उघडून करता येतं, क्लच बदलता येतो. शॉकअपच्या वाट्या आणि मागच्या सस्पेन्शनची जोडणी कुजली असेल तर इंजिन सोन्याचं असलं तरी तोडा." पुढच्या वाट्या टणटणीत वाजल्या. मागच्याही. गेला होता तो ड्रायव्हरकडचा तळ आणि डावीकडच्या रनिंग बोर्डचा, म्हणजे दाराखालच्या पट्टीचा, वीतभर तुकडा. कारण गाडीच्या वयापेक्षा साधं होतं: दाराच्या तळाशी पाणी निघून जायची भोकं पानांनी बुजली होती, पुढच्या काचेचं रबर कडक झालं होतं आणि आत आलेलं पाणी कार्पेटने स्पंजासारखं धरून ठेवलं होतं. पावसाळ्यामागून पावसाळे.

मग इंजिन. बॅटरी उसनी, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकलं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल उभ्या गाडीत पाणी ओढून घेतं आणि जुने रबरी पाइपही खातं, म्हणून ते पाइप सगळे बदलायचे ठरलं. स्पार्क प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडून रात्रभर ठेवलं, सकाळी इंजिन आधी हाताने फिरवलं, मगच चावी मारली. तिसऱ्या खेपेला तीनही सिलिंडर धरले. धूर पांढरा, मिनिटभरात विरला. निळा राहिला असता तर ऑइल जळतंय म्हणजे रिंगा गेल्या. पांढरा थांबलाच नसता तर कूलंट जळतंय म्हणजे हेड गास्केट. ऑइलच्या झाकणाखाली साय नव्हती. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तिन्हीकडे जवळपास सारखं. "इंजिनाने काही बिघडवलेलं नाही," मेस्त्री म्हणाले, "बसून बसून कंटाळलंय."

अंदाज आला तो असा: पत्रा कापून नवा वेल्डिंग करणं आणि खालून अंडरकोटिंग १३,५००. बारा इंची चार टायर १०,४००. क्लच प्लेट, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, पाइप मिळून ९,७००. ब्रेक ४,०००, बॅटरी ३,४००, मजुरी ६,०००. एकूण ४७ हजार. डेंटरने पूर्ण रंगाचे २२ हजार वेगळे सांगितले होते, ते मी ऐकल्यासारखं केलं. त्याला म्हटलं, लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत काही करू नका. वेल्डिंगचा सांधा मला दिसला पाहिजे. लांबीखाली काय आहे ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत कुणालाच कळत नाही.

घरी कागदावर मांडलं. काकांचे १८ हजार, ट्रकचे २,२००, दुरुस्ती ४७ हजार. पंधरा वर्षांवरच्या कारच्या पुनर्नोंदणीचे ५,००० (एप्रिल २०२२ आधी यालाच ६०० लागायचे), पर्यावरण कर पेट्रोल गाडीला ३,०००, विमा जीएसटीसह २,४७१. झाले ७७,६७१. चलानं, मुद्रांक, झेरॉक्स धरून ८० च्या घरात. म्हणजे बाबांनी ज्या भावाला विकली, जवळपास त्याच भावाला आम्ही ती परत घेणार. बाजारात तिचे कुणी चाळीसही देणार नाही. आणि आईचं डॉक्टर, भाजी, कधीतरी कोपिनेश्वर, एवढ्यासाठी तेव्हा २३ रुपयांपासून मीटर पडणारी रिक्षा दाराशी होती. रिक्षाच्या बाजूने हिशेब इतका उघड होता की मी वही मिटून ठेवली.

वही परत उघडली ती पार्किंगमुळे. आमची इमारत १९७० च्या आसपासची. जिन्याशेजारची आमची जागा एवढीशी, की आजची कुठलीही गाडी लावली तर दार उघडत नाही. ८०० ची लांबी साडेतीन मीटरलाही पोचत नाही. ती जागा नऊ वर्षं रिकामी होती, शेजारच्यांच्या सायकली राखत. आणि अडीच-तीन लाखांची दुसरी जुनी गाडी घ्यायची तर तिचा इतिहास मला कोण सांगणार? हिचा मला अर्धा ठाऊक आहे आणि उरलेला अर्धा सांगणारा माणूस कळव्यात आहे. हे कारण आहे की निमित्त, मला सांगता येणार नाही. दादा म्हणाला, "तुला घ्यायचीच आहे, मग हिशेब कसला करतेस?"

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण याच भागाने जास्त दमवलं. मालक हयात नसेल तर २९-३० चालत नाही, ३१ नंबरचा फॉर्म लागतो. सोबत मृत्यू दाखला, आरसी, बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र (तेव्हा १०० च्या मुद्रांकावर होत होतं), विमा, पीयूसी आणि चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलने उमटवलेली छाप. मालक गेल्यावर तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. आम्ही तीन वर्षांनी करत होतो, म्हणून खुलासा जोडला. बाबांच्या सह्यांचे ते जुने फॉर्म वापरून टाका, असा सल्ला एका एजंटाने दिला. गेलेल्या माणसाची सही चालवायची म्हणजे सरळ खोटेपणा. नको म्हटलं. विम्याचं त्रांगडं वेगळंच: आरटीओला विमा हवा, विमा कंपनीला आरसीवर आमचं नाव हवं. शेवटी वारस म्हणून दाखला जोडून तृतीय पक्ष विमा मिळाला. पूर्ण विमा या वयाच्या गाडीला कुणी देईना, आणि खरं तर गरजही नव्हती.

गाडी कुणाच्या नावावर करायची, यावर आई म्हणाली, "तुझ्या. मला पोलिसांचे मेसेज नकोत." काकांकडून १८ हजारांची पावती घेतली, तारीख आणि वेळ घालून. ते म्हणाले, "एवढं कशाला?" मी म्हटलं, "काका, हेच तर राहिलं होतं."

नाव बदलायला ऑक्टोबर उजाडला. पुनर्नोंदणीचा २५ नंबरचा फॉर्म मुदत संपण्याआधी साठ दिवसांत भरता येतो, त्यामुळे पुढचं पटापट झालं. तपासणीला इन्स्पेक्टरनी चेसिस नंबर ताडून पाहिला, दिवे, हॉर्न, वायपर, हँडब्रेक बघितला. खाली वाकून नव्या पत्र्याचा सांधा पाहिला आणि म्हणाले, "काम उघडं ठेवलंय, बरं केलंत." पाच वर्षं मिळाली, नोव्हेंबर २०२८ पर्यंत.

पहिल्या फेरीला आई पुढे बसली. तलावपाळीला एक वळसा घातला. क्लच नवा, त्यामुळे सिग्नलला दोनदा बंद पडली आणि मागच्या रिक्षावाल्याने माझा उद्धार केला. आईने खालच्या मॅटवर पाय दाबून बघितला, पत्रा आहे ना म्हणून. मागच्या डाव्या दाराची काच अजून अर्ध्यावर अडकते. काचेचं मशीन नवीन मिळत नाही. मेस्त्री म्हणतात, कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुनं सापडेल, पण दोन्ही बाजूंचं दिसायला सारखंच असतं, नीट बघून आणा. मी एकदा जाऊन उजवीकडचं घेऊन आले.